हिब्रू आणि मराठी एकाच पानावर: लाटेकमध्ये हिब्रू फॉन्ट नीट बसवायचाय, मदत हवी

सागरगड

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक आहे पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे पुन्हा पुन्हा विचारायला नको.

आम्ही अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. घरी आजोबांच्या वेळची हगादा आहे, पेसाह या सणाच्या रात्री सगळे बसून वाचतात ती, एका बाजूला हिब्रू आणि समोर मराठी. पानं इतकी जीर्ण झालीयत की उलटताना कोपरे हातात येतात. घरातल्या पोरांना हिब्रू अक्षरं जेमतेम येतात, मराठी येतं, म्हणून तीच हगादा नव्याने टाइपसेट करून घरापुरती आणि नातेवाइकांपुरती छापायची असं ठरलंय. तीन थर हवेत: हिब्रू निक्कुदसकट (म्हणजे स्वरचिन्हांसकट), खाली देवनागरीत उच्चार, आणि मराठी अर्थ.

वर्डमध्ये करून पाहिलं, एका ओळीत हिब्रू, मराठी आणि आकडा आला की कंस कुठले कुठे जातात. लाटेकची, म्हणजे कमांड लिहून पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरची, ओळख आहे, थीसिस त्यातच केला होता. म्हणून झीलाटेक (लाटेकचाच एक प्रकार), फॉन्ट लावायला फॉन्टस्पेक आणि भाषा सांभाळायला पॉलीग्लॉसिया घेतलं, मराठीला आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट, तो झकास चालतोय. गाडी अडलीय ती हिब्रूवर. पॉलीग्लॉसिया म्हणतं की चालू फॉन्टमध्ये हिब्रू लिपी नाही, हिब्रूफॉन्ट डिफाइन करा. नेटवरून एक जुना फॉन्ट घेऊन डिफाइन केला तर अक्षरं दिसतात पण स्वरचिन्हं अक्षराखाली न बसता डावीकडे सरकून पुढच्या अक्षराच्या पायात जातात. काही शब्द तर अख्खे उलटे. फॉन्ट कुठला घ्यावा, कसा लावावा, आणि हे उलटसुलट का होतंय?

टेकमेक

सागरगड, काम फार मोलाचं आहे, तडीस न्याच.

आधी उलट्या शब्दांचं बघू. दोन वेगळी कारणं असू शकतात आणि उपायही वेगळे आहेत, गल्लत करू नका. पहिलं कारण, मजकूर बरोबर आहे पण दिशा सांगितलेली नाही. झीटेकला (झीलाटेकच्या आतलं इंजिन) तुम्ही हिब्रू पर्यावरणात किंवा टेक्स्टहिब्रू कमांडमध्ये मजकूर दिलात तरच तो उजवीकडून डावीकडे चालायचं हे त्याला नीट कळतं, नुसता मध्येच चिकटवला तर वाक्याचा क्रम बिघडतो. दुसरं कारण जास्त वाईट, ते म्हणजे मजकूरच उलटा साठवलेला असणं. जुन्या काळी कॉम्प्युटरला उजवीकडून डावीकडे लिहिता येत नव्हतं तेव्हा हिब्रू 'दिसेल तसा' साठवायचे, म्हणजे शेवटचं अक्षर आधी. अशा जुन्या फाइली अजून फिरतात. तुम्ही मजकूर कुठून आणला?

आपल्याकडे श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टचं जे झालं तेच समजा. फाइल उघडली की पडद्यावर मराठी दिसतं पण आत भलतेच कोड, फॉन्ट बदलला की कचरा. तुम्ही घेतलेला जुना हिब्रू फॉन्टही त्याच जातीचा वाटतोय, युनिकोडच्या आधीचा किंवा नावाला युनिकोड पण ओपनटाइपची (चिन्हं कशी जुळवायची ते सांगणारी) टेबलं नसलेला. निक्कुद म्हणजे स्वतंत्र चिन्ह असतं, ते अक्षराच्या नेमकं कुठे टेकायचं हे फॉन्टमधल्या अँकरवर ठरतं. अँकर नसतील तर ते जिथे जागा मिळेल तिथे पडतं. टेकचा, म्हणजे लाटेकच्या मूळ प्रणालीचा, काही दोष नाही यात.

प्रुफवाली

+१. आणि मजकूर तपासायची सोपी युक्ती: साध्या एडिटरमध्ये फाइल उघडा, कर्सर हिब्रू शब्दाच्या सुरुवातीला म्हणजे उजव्या टोकाला ठेवा आणि एकेक अक्षर डिलीट करत जा. वाचताना जे अक्षर आधी येतं तेच आधी गेलं तर मजकूर बरोबर साठवलाय. फॉन्टच्या भानगडीत शिरायच्या आधी हे कराच, नाहीतर कॉन्फिगरेशन बदलत बसाल आणि दोष मजकुरातच असेल.

सागरगड

पाहिलं. अर्धा मजकूर एका नातेवाइकाच्या जुन्या फाइलीतून घेतला होता तो उलटा साठवलेला निघाला, बाकीचा ठीक आहे. जुना भाग टाकून देतोय, तो पुन्हा टाइप करीन. आता फॉन्ट सांगा. आणि पीडीएफलाटेकवर काही जुने ट्युटोरियल सापडले त्यात जेरुसलेम, ओल्ड जाफा, डेड सी, तेल अव्हिव अशा नावांचे फॉन्ट आहेत, ते घ्यावेत का?

टेकमेक

ते घेऊ नका. नावं गोड आहेत पण ते बेबल या भाषा सांभाळणाऱ्या पॅकेजच्या जुन्या हिब्रू सोयीबरोबर आलेले आठ बिटवाले फॉन्ट, त्या काळासाठी उत्तम काम होतं. टेकला मुळात उजवीकडून डावीकडे येतच नव्हतं. १९८७ मध्ये डोनाल्ड क्नुथ आणि पिअर मॅके यांनी दोन्ही दिशा एकत्र कशा चालवायच्या यावर लेख लिहिला, त्यातून पुढे ईटेकमध्ये (टेकची सुधारित आवृत्ती) बिगिनआर आणि एंडआर या कमांड आल्या, आजही झीटेकच्या पोटात त्याच आहेत. पण फॉन्टचा प्रश्न खऱ्या अर्थाने सुटला तो २००४ मध्ये जोनाथन क्यूने झीटेक आणल्यावर, कारण मग सिस्टीमवरचा कुठलाही ओपनटाइप फॉन्ट थेट वापरता यायला लागला.

आज घेण्यासारखे, सगळे फुकट मिळणारे:

फ्रँक रूल. दोन रूपात मिळतो, क्युल्मस या मोफत हिब्रू फॉन्टच्या प्रकल्पातला फ्रँक रूल सीएलएम आणि गूगल फॉन्ट्सवरचा फ्रँक रूल लिब्रे. मूळ अक्षर राफाएल फ्रँक नावाच्या लाइपझिगच्या हजानने (प्रार्थना गाणाऱ्याने) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूल या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीसाठी केलेलं, इस्रायलमधली पुस्तकं आणि वर्तमानपत्रं पिढ्यानपिढ्या यातच छापली गेली. तुमच्या आजोबांच्या डोळ्यांना सवयीचं असण्याची शक्यता बरीच.

डेव्हिड. इस्मार डेव्हिडने केलेला, १९५० च्या दशकात आला. हलका, स्वच्छ. क्युल्मसमध्ये डेव्हिड सीएलएम, गूगलवर डेव्हिड लिब्रे.

एझ्रा एसआयएल आणि एसबीएल हिब्रू. हे बायबल अभ्यासकांसाठी, स्वरचिन्हांबरोबर पठणाची तआमीम चिन्हंही यात अचूक बसतात. एसबीएल हिब्रू विक्रीच्या पुस्तकात वापरायचा तर लायसन्स बघावं लागतं, घरगुती कामाला मोकळा आहे. दोन्हींना ठळक वजन नाही, हे लक्षात ठेवा. ठळक लागणार असेल तर क्युल्मसचा तआमे फ्रँक बघा, त्यात तआमीमही आहेत आणि ठळकही.

निळी शाई

फॉन्टच्या बाबतीत एक भर घालते, मी अक्षरजुळणीचं काम करते, हिब्रू येत नाही पण दोन-तीन कामं हाताखालून गेलीत.

देवनागरीशेजारी हिब्रू ठेवायचं तर डेव्हिडपेक्षा फ्रँक रूल जास्त शोभतो असं माझं स्पष्ट मत आहे. हिब्रूत आडव्या रेघा जाड आणि उभ्या बारीक असतात, रोमनच्या बरोबर उलट. फ्रँक रूलमध्ये ती वरची आडवी रेघ चांगली भरीव आहे, त्यामुळे मराठीच्या शिरोरेषेशेजारी ती रोडावत नाही. आणि एक गंमत नाही, खरंच महत्त्वाची गोष्ट: तोराच्या (मोशेच्या पाच ग्रंथांच्या) गुंडाळीवर लिहिणारे सोफर आधी चामड्यावर रेघ कोरतात आणि अक्षरं त्या रेघेला लटकवतात, रेघेवर बसवत नाहीत. आपणही पोथीत तेच करत आलो. म्हणजे या दोन लिपी शेजारी ठेवताना तळाची रेघ जुळली की नाही यापेक्षा माथा जुळतो का ते पाहा. फॉन्टस्पेकमध्ये स्केलला मॅचलोअरकेस वगैरे देऊ नका, ते रोमनच्या छोट्या अक्षरांवरून माप काढतं, इथे त्याचा उपयोग नाही. सरळ आकडा द्या, १.१ पासून सुरू करा, प्रिंट काढा, शिरोरेषा आणि हिब्रूचा माथा एका उंचीवर येईपर्यंत जरा जरा हलवा. पडद्यावर ठरवू नका, कागदावरच ठरवा.

ओळींमधलं अंतरही वाढवा. हिब्रूची चिन्हं खाली लोंबतात, खालच्या ओळीत उच्चारासाठी देवनागरी आहे म्हणजे वेलांट्या, मात्रा, रफार वर येणार. दोन्ही भांडतील.

अश्दोदहून

शालोम सागरगड! तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं, आमच्याकडे इथे उलटी अडचण आहे, पोरांना हिब्रू येतं आणि मराठी वाचता येत नाही.

मराठी हगादा म्हणजे काही आजची गोष्ट नाही, मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये हिब्रू-मराठी हगादा छापल्या गेल्या. पुण्याच्या हगादेत साडी नेसलेल्या बायका मात्सा (बिनखमिराची पोळी) करतायत अशी चित्रं आहेत. त्या लिथोवर काढल्या, म्हणजे हाताने लिहून दगडावरून छापलेल्या, त्यामुळे खिळ्यांचा प्रश्नच नव्हता. लिहिणाऱ्याने दोन्ही लिप्या आपल्या हाताने शेजारी बसवल्या. सागरगड, तुमच्याकडची प्रत कशी आहे, खिळ्याची की लिथोची? लिथोची असेल तर स्कॅन करून ठेवाच, नवीन केली तरी.

मजकुराबद्दल. सेफारिया या ज्यू ग्रंथांच्या संकेतस्थळावर हगादेचा मजकूर निक्कुदसकट युनिकोडमध्ये मिळतो, सगळं टाइप करायची गरज नाही. पण तो जसाच्या तसा उचलू नका. आपली प्रार्थना बरीचशी सेफार्दी (स्पेन-पोर्तुगालकडच्या ज्यूंच्या) वळणाची, अश्केनाझी (मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या) पाठाशी काही ठिकाणी फरक पडतो. घरच्या प्रतीशी शब्द न् शब्द ताडून बघा, घरात म्हणतात तसंच छापलं पाहिजे. पोरं आजीच्या तोंडून एक ऐकतील आणि पुस्तकात दुसरं वाचतील असं होऊ नये.

सागरगड

खिळ्याचीच आहे, मुंबईची छपाई, पहिली दोन पानं नाहीत त्यामुळे साल कळत नाही. स्कॅन चालू केलंय.

फ्रँक रूल सीएलएम लावला आणि निक्कुद जागेवर बसले!! इतका फरक पडेल वाटलं नव्हतं. आता पुढची अडचण. झीलाटेकमध्ये पॉलीग्लॉसिया आपोआप बिडी (दोन्ही दिशा सांभाळणारं) पॅकेज ओढून आणतं आणि ते बाकीच्या पॅकेजशी भांडतं, हायपररेफ (दुवे देणारं पॅकेज) आधी घेतलं की तक्रार, नंतर घेतलं की दुसरी तक्रार. आणि मराठी वाक्यात मध्येच एखादा हिब्रू शब्द येतो तिथे दरवेळी टेक्स्टहिब्रू लिहून कंटाळा आला.

टेकमेक

बिडीचा नियम असा की ते सगळ्यात शेवटी लोड व्हायला हवं, म्हणून पॉलीग्लॉसियात हिब्रू सांगायच्या आधी बाकी सगळी पॅकेजं घ्या, हायपररेफही. एवढं केलं तर चालेल.

पण मी तुमच्या जागी असतो तर नव्या कामाला लुआलाटेक (लाटेकचाच दुसरा प्रकार) आणि बेबल घेतलं असतं. २०२० च्या टेकलाइव्ह या संचापासून लुआलाटेकच्या आत हार्फबझ आहे, तेच जे फायरफॉक्स आणि अँड्रॉइडमध्ये अक्षरं जुळवतं. शोभिकाला रेंडरर म्हणून हार्फबझ द्या, देवनागरीला तर ते हवंच, नाहीतर जोडाक्षरांत कुठेतरी गडबड होईल. हिब्रूलाही तेच द्या.

मग बेबल लोड करताना बिडी पर्यायाला बेसिक द्या. याने युनिकोडचा दिशांचा नियम लागू होतो, म्हणजे मराठी वाक्यात हिब्रू शब्द आला की दिशा आपोआप बदलते, आकडे बरोबर राहतात, कंस योग्य बाजूला वळतात. त्यानंतर बेबलप्रोव्हाइड कमांडमध्ये हिब्रूसाठी इम्पोर्ट आणि ऑनकॅर हे दोन पर्याय, ऑनकॅरला आयडीज फॉन्ट्स हे मूल्य. म्हणजे हिब्रू अक्षर दिसताक्षणी बेबल भाषा आणि फॉन्ट दोन्ही बदलतं, तुम्हाला काही लिहावं लागत नाही. फॉन्ट सांगायला बेबलफॉन्ट, चौकोनी कंसात हिब्रू, मग आरएम, मग फ्रँक रूल. मराठीचा वेगळा. झालं.

फक्त अख्खा परिच्छेद हिब्रूत असेल तर तो हिब्रू पर्यावरणातच टाका, नाहीतर परिच्छेदाची मूळ दिशा डावीकडून राहील आणि शेवटचा पूर्णविराम चुकीच्या टोकाला जाईल.

सागरगड

लुआलाटेकवर आणलं. पहिल्यांदा फॉन्टचा कॅश बनवताना बराच वेळ लागला, मला वाटलं हँग झालं. आता मस्त. मराठी टीपेत कंसात हिब्रू शब्द, त्यात आकडा, सगळं जागेवर.

येरुशालाईम (जेरुसलेम) शब्दात मात्र लामेद अक्षराखाली काहीतरी विचित्र दिसतंय. दोन चिन्हं एकावर एक.

प्रुफवाली

हा प्रसिद्ध शब्द आहे! बायबलच्या मजकुरात त्याचं लिखाण असं की शेवटच्या मेमआधी योद अक्षर नाही, पण योदचा स्वर मात्र आहे, त्यामुळे लामेदला दोन स्वर येतात, पताह आणि हिरिक. युनिकोडमध्ये प्रत्येक हिब्रू चिन्हाला एक क्रमांक दिलेला आहे आणि मजकूर नॉर्मलाइझ झाला की चिन्हं त्या क्रमाने लागतात, हिरिकचा क्रमांक पताहच्या आधी, म्हणून क्रम उलटतो. उपाय म्हणजे दोन्हींच्या मध्ये ग्राफीम जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह टाकायचं, युनिकोड क्रमांक ०३४एफ. मग क्रम अडकून राहतो. चांगले फॉन्ट हे ओळखून हिरिक जरा डावीकडे सरकवून दाखवतात, एसबीएल हिब्रू आणि एझ्रामध्ये हे नीट आहे. हगादेत तुम्हाला योदवालं पूर्ण लिखाणही चालेल, घरच्या प्रतीत कसं आहे ते पाहा.

प्रुफं तपासताना जुळ्या अक्षरांवर विशेष लक्ष ठेवा. दालेत आणि रेश, हे आणि हेत, बेत आणि काफ, शेवटचं मेम आणि सामेख. टाइप केलेल्या भागात हेच घात करतात. साधा हायफन दिसला तर काढून मकाफ (हिब्रू जोडरेघ) घाला, तो वरच्या रेघेला लागून असतो. वाक्याच्या शेवटी कोलन दिसला तर तो बहुतेक सोफ पासुक (श्लोकाच्या शेवटचं चिन्ह) हवा. संक्षेपात इंग्रजी अवतरणचिन्ह दिसलं तर गेर्शायिम हवं. फॉन्ट कितीही चांगला असो, चुकीचं चिन्ह दिलं की तो चुकीचंच छापणार.

अश्दोदहून

दालेत आणि रेशवरून, हे फार महत्त्वाचं सांगितलंत ताई. शेमा या देव एकच असं सांगणाऱ्या प्रार्थनेच्या पहिल्या ओळीत शेवटचा शब्द एहाद, म्हणजे एक. त्यातलं दालेत रेशसारखं वाचलं गेलं तर अहेर होतं, म्हणजे दुसरा, अर्थाचा अनर्थच की. म्हणून तोराच्या गुंडाळीत ते दालेत मोठं लिहितात, आणि शेमाचं आयिनही मोठं. आपल्या पूर्वजांनी कोकणात बाकी बरंच विसरून शेमा तेवढा जपला असं आपण सांगतो. सागरगड, हगादेच्या शेवटी किंवा पहिल्या पानावर शेमा घालणार असाल तर ती दोन अक्षरं मोठीच ठेवा. टेकमध्ये जमतं ना?

टेकमेक

जमतं. त्या एका अक्षराभोवती महिरपी कंस आणि आत लार्ज. पण त्या अक्षराचं स्वरचिन्ह कंसाच्या आत अक्षरासोबतच ठेवा, चिन्ह बाहेर राहिलं तर ते वेगळ्या आकाराचं होऊन अक्षरापासून तुटतं. हिब्रूत अक्षरं एकमेकांना जोडलेली नसतात त्यामुळे मध्ये आकार बदलला तरी शब्द मोडत नाही, मराठीत हे जोडाक्षरात करता आलं नसतं.

निळी शाई

आणि हिब्रूत इटॅलिक शोधू नका, ती रोमनची रीत. टेक्स्टआयटी दिलंत तर एकतर वॉर्निंग येईल नाहीतर संगणकाने तिरपं ढकललेलं अक्षर मिळेल, फार वाईट दिसतं. वेगळेपण दाखवायचं तर ठळक करा किंवा दुसरा फॉन्ट. जुन्या पुस्तकांत भाष्यासाठी राशी अक्षर (राशी या मध्ययुगीन भाष्यकाराच्या नावाचं) वापरलेलं दिसतं, साल छापलेलं सगळ्यात जुनं हिब्रू पुस्तक १४७५ चं, इटलीतल्या रेज्जिओ दी कालाब्रियाचं, ते राशीचंच भाष्य होतं. नोटो राशी हिब्रू म्हणून फॉन्ट आहे. पण तुमच्या पोरांना साधं हिब्रूच जड जातंय तर राशी नको, सूचना मराठीतच द्या.

सागरगड

सूचना मराठीतच आहेत, 'आता कर्पस (हिरवी भाजी) पाण्यात बुडवावा' अशा. आजोबांच्या प्रतीतली भाषा तशीच ठेवतोय.

आता वेगळा प्रश्न, तांत्रिक कमी आणि घरगुती जास्त. देवाचं नाव प्रत्येक पानावर येतं. प्रुफाचे प्रिंट काढतोय, ते रद्दीत टाकायला आईचा सक्त विरोध आहे आणि मलाही पटतंय. कसं करावं?

अश्दोदहून

आईंचं बरोबर आहे. चार अक्षरी नाव पूर्ण छापलेला कागद टाकायचा नसतो, तो गेनिझात (पवित्र कागद साठवायच्या जागेत) ठेवतात आणि पुढे दफन करतात. बऱ्याच प्रार्थनेच्या पुस्तकांत म्हणून नावाच्या जागी दोन योद छापतात. प्रुफात दोन योद ठेवा.

टेकमेक

याला लाटेक अगदी योग्य. नावासाठी एक कमांड बनवा, मजकुरात सगळीकडे तीच लिहा. व्याख्या एकाच जागी: प्रुफ असताना दोन योद, शेवटच्या छपाईला पूर्ण नाव, वर एक स्विच ठेवायचा. शंभर ठिकाणी बदलायला नको आणि कुठे राहून जायची भीती नको. सेफारियाचा मजकूर घेताना सर्च-रिप्लेस करा, पण हे नाव तिथे वेगवेगळ्या स्वरचिन्हांनी येऊ शकतं, म्हणून नुसती चार अक्षरं धरून शोधा, मधली चिन्हं सोडून देणारं रेग्युलर एक्स्प्रेशन लिहा. लागलं तर व्यनि करा, लिहून देतो.

सागरगड

हे फारच छान. आईला सांगितलं, ती खूश.

पानांच्या आकड्यांना हिब्रू अंक लावायचे ठरवलेत. पंधराच्या ठिकाणी योद-हे न येता तेत-वाव आलं, हे बरोबर आहे ना?

प्रुफवाली

बरोबर. दहा अधिक पाच लिहिलं तर देवाच्या नावाची अक्षरं होतात म्हणून नऊ अधिक सहा लिहितात, सोळाला नऊ अधिक सात. तुमच्या पॅकेजला ते माहीत आहे म्हणजे कुणीतरी जाणकाराने लिहिलंय.

खिळेजुळणी

धागा सुरुवातीपासून वाचतोय, माझा छापखाना आहे म्हणून शेवटच्या टप्प्याचं सांगतो.

पुस्तक कुठून उघडणार ते आत्ताच ठरवा. हिब्रू मुख्य मानलं तर बांधणी उजवीकडे, उजव्या पानावर हिब्रू आणि डाव्यावर मराठी, वाचणारा दोन्हीकडून मधल्या शिवणीकडे येतो, आणि हिब्रू संपलं की नजर डावीकडे मराठीवर जाते. माझ्या मते हगादेला हेच बरोबर. पण मग आतलं आणि बाहेरचं मार्जिन अदलाबदल होतं, लाटेकला पहिलं पान उजवं की डावं हे सांगितलं नाही तर शिवणीच्या बाजूला अरुंद जागा येऊन अक्षरं आत गडप होतील. समास दोन्हीकडे सारखे ठेवलेत तर ही कटकटच नाही.

छापखान्यात फाइल देताना तोंडी सांगू नका, पहिल्या पानाच्या प्रिंटवर मोठ्या अक्षरात 'बाइंडिंग उजवीकडे' लिहून द्या, आणि साध्या कागदाची एक डमी शिवून सोबत द्या. पान लावणारा माणूस सवयीने डावीकडूनच लावतो. पीडीएफमधले सगळे फॉन्ट एम्बेड झालेत का ते पीडीएफफॉन्ट्स कमांडने बघा, लुआलाटेक ते करतंच पण चित्रांच्या पीडीएफ बाहेरून आणल्या असतील तर त्यात राहून जातात. आणि छापखान्यातल्या कुणालाही फाइल कोरलड्रॉमध्ये उघडू देऊ नका, तिथे निक्कुद पुन्हा सुटे होतात. पीडीएफ आहे तशीच प्लेटवर गेली पाहिजे.

सागरगड

उजवीकडेच ठरवलं, समास सारखे ठेवले. डमी आज शिवतो. टेकमेक, रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी व्यनि केलाय. अश्दोदहून, तुमच्याकडच्या पोरांसाठी मराठी भागाचा उच्चार हिब्रू अक्षरांत घालून वेगळी आवृत्ती काढता येईल, सोर्स फाइल तीच राहील, पत्ता व्यनिमध्ये पाठवा.

अश्दोदहून

पाठवला. ळ आणि ण हिब्रूत कसे लिहायचे ते मात्र आपल्याला बसून ठरवावं लागेल.